मागची मोकळी जागा

परगांवीं गेल्यावर प्रथम काय पाहावें याविषयीं माणसामाणसांत मतभेद असतात. कोणी देऊळ पाहतो, कोणी बाजार पाहतो, कोणी आपल्या आडनांवाचे लोक तेथें कितीसे आहेत याची चौकशी करतो. मला तेथलें वाचनालय पाहण्याची खोड आहे. तीस वर्षें मुलांना इंग्रजी शिकविण्यांत घालविलेल्या माणसाची ही खोड वाचकांनीं क्षम्य समजावी. माझ्या घरच्या मंडळींनीं तर ती केव्हांच पोटांत घातली आहे. गेल्या आश्विनांत मी मुलीकडे अमेरिकेस गेलों, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं सकाळीं कामावर निघतां निघतां ती म्हणाली, "बाबा, तुमचें देऊळ स्टेशनाजवळच आहे. दगडी आहे. चुकणार नाहीं तुम्ही."

मुलगी राहते तें क्विन्सी बोस्टनच्या दक्षिणेस आहे. पूर्वीं तो स्वतंत्र गांव होता. आतां कागदोपत्रीं शहर असला तरी सकाळीं माणसें बोस्टनकडे धाडावयाचीं व संध्याकाळीं परत घ्यावयाचीं, हा उपनगराचा धर्म तो निमूटपणें पाळतो. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स आणि त्यांचे चिरंजीव, सहावे अध्यक्ष, जॉन क्विन्सी ॲडम्स हे दोघेहि येथलेच. बापलेकांचीं थडगीं एका दगडी चर्चच्या तळघरांत शेजारीं शेजारीं आहेत. पण या गांवाचें पोट अध्यक्षांवर भरलें नाहीं, तें दगडावर भरलें. येथला काळसर राखी ग्रॅनाइट साऱ्या अमेरिकेंत प्रसिद्ध होता. बंकर हिलचें स्मारक उभारावयाचें ठरलें तेव्हां खाणींतून तो दगड नेण्यासाठीं १८२६ सालीं येथें रूळ टाकले आणि त्यांवरून घोड्यांकडून गाड्या ओढविल्या. खाणी आतां बंद पडल्या आहेत. तथापि पाथरवटांचा गांव तो पाथरवटांचाच.

अशा गांवीं थॉमस क्रेन या नांवाचा एक पाथरवट होता. तरुणपणीं त्यानें क्विन्सींत छिन्नी चालविली, पुढें न्यूयॉर्कला जाऊन दगडाचाच व्यापार केला आणि मोठा धनिक झाला. १८७५ सालीं तो वारला. त्याच्या कुटुंबीयांनीं त्याच्या स्मरणार्थ गांवाला एक ग्रंथालय बांधून देण्याचें ठरविलें व तें काम हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुशिल्पज्ञाकडे सोंपविलें. रिचर्डसन पॅरिसला शिकून आलेला. बोस्टनचें ट्रिनिटी चर्च बांधून त्यानें नुकतेंच मोठें नांव मिळविलेलें. बोस्टनच्या आसपासच्या गांवांना ग्रंथालयें बांधून देण्याचा त्या वेळीं त्याच्याकडे जणुं मक्ताच होता : वोबर्न, नॉर्थ ईस्टन, क्विन्सी, माल्डन अशीं चार ग्रंथालयें त्यानें दहा वर्षांच्या आंत उभीं केलीं, आणि चारहि श्रीमंत कुटुंबांच्या देणग्यांतून. क्विन्सीचें १८८२ सालीं उघडलें. १८८६ सालीं तो स्वतःच गेला. वय अवघें सत्तेचाळीस.

मी गेलों तेव्हां पाऊस नुकताच उघडला होता आणि दगड ओले होते. ओल्या दगडांतच दगडाचा खरा रंग दिसतो, हें आमच्याकडील नदीकाठच्या देवळांवरून मला ठाऊक होतें. भिंतींचा दगड मात्र क्विन्सीचा नव्हे; तो नॉर्थ ईस्टनचा फिकट, किंचित् गुलाबी झांक असलेला ग्रॅनाइट, आणि त्याला ठिकठिकाणीं लाँगमेडो येथल्या तांबूस-तपकिरी वालुकाश्माची किनार. क्विन्सीच्या पाथरवटाचें स्मारक परगांवच्या दगडांत बांधावें याचें त्या वेळच्या क्विन्सीकरांस काय वाटलें असेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. बहुधा आम्हां नाशिककरांना कोणी कोल्हापुरी चिवडा आणून दिला असतां जें वाटेल तेंच.

पहिली गोष्ट मनांत भरते ती ही कीं, इमारत मोठी नाहीं. मी मोठ्या अपेक्षेनें गेलों होतों. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत जिचें चित्र हटकून असतें ती इमारत प्रत्यक्षांत इतकी ठेंगणी, इतकी जमिनीशीं बसलेली असेल असें वाटलें नव्हतें. एक लांबट चौकोनी आकार, त्यावर लाल कौलांचें उतरतें छप्पर. समोर छपराच्या उताराला छेदून वर आलेली एक त्रिकोणी भिंत, तिच्या पायथ्याशीं एकच रुंद, बसकी कमान. आणि कमानीच्या बगलेस जिन्याचा एक गोल बुरूज. बस्स, एवढेंच. खांब नाहींत, घुमट नाहीं, पुतळे नाहींत. ग्रीक देवळाची नक्कल करून त्याच्या पायऱ्यांवरून वाचकाला दमवीत आंत नेण्याची जी हौस पुढल्या काळांत अमेरिकन ग्रंथालयांना जडली, तिचा येथें मागमूसहि नाहीं. कमान इतकी खालपासून उगवते कीं, ती भिंतींत खोदलेली नसून भिंत तिच्यासाठीं बाजूला सरली आहे असें वाटतें. दगडांचे दर्शनी भाग मुद्दाम खडबडीत राखलेले. छपरावर कौलांनाच बांक देऊन मधून मधून अर्ध्या मिटलेल्या पापण्यांसारख्या लहान खिडक्या काढल्या आहेत. एखादा म्हातारा जेवून ओसरीवर डोळे किलकिले करून बसावा, तसें तें छप्पर रस्त्याकडे पाहत असतें.

पण मला या इमारतींतील जें सर्वांत आवडलें तें निराळेंच. आंत काय आहे तें ती बाहेरून सांगते. कमानीच्या एका अंगाला भिंत जवळजवळ कोरी, आणि अगदीं वर, छपराच्या वळचणीखालीं, लहान लहान खिडक्यांची एक सलग ओळ. म्हणजे येथें पुस्तकें आहेत; खालीं भिंतीला कपाटें लागली आहेत, उजेड वरून घेतला आहे. दुसऱ्या अंगाला मोठी खिडकी, उजेड भरपूर. म्हणजे येथें माणसें बसतात. मधल्या त्रिकोणी भिंतीखालीं ये-जा. पुस्तकें, माणसें आणि त्यांना जोडणारी वाट, एवढ्या तीन गोष्टींवांचून ग्रंथालयांत दुसरें असतें काय? एखादा चांगला निबंध जसा पहिल्या परिच्छेदांतच आपला विषय मोकळेपणीं सांगून टाकतो, तशी ही इमारत रस्त्यावरूनच आपला विषय सांगते. आमच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांना हें साधत नाहीं, आणि खरें बोलावयाचें तर आम्हां शिक्षकांनाहि नेहमीं साधतें असें नाहीं.

आंत गेलों तों लांकडाचा सौम्य काळोख. सगळें काम नॉर्थ कॅरोलायनाच्या पाइन लांकडाचें, तेलकट तपकिरी रंग दिलेलें. पुस्तकांच्या दालनांत दोन्ही बाजूंना कपाटें आडवीं लावून कोनाडे केलेले, त्यांवर सज्जा, सज्जावर पुन्हां तसेच कोनाडे. पलीकडे वाचण्याच्या जागीं भिंतींत एक भली मोठी शेकोटी, तिच्यावर छतापर्यंत कोरीव काम. ला फार्ज या चित्रकारानें केलेली रंगीत कांचेची एक लहानशी खिडकी आहे. तींत एक दाढीवाला वृद्ध तत्त्वज्ञ वाचनांत गढलेला आहे. कांच म्हटली कीं आपल्याला वाटतें ती दूरून पाहावयाची. ही कांच इतकी बारीक नजरेनें केली आहे कीं, ती हातांत धरून पाहावी. त्या खिडकीखालीं मी दोन तास बसलों. माझ्यासमोर एक वृद्ध चिनी गृहस्थ आपल्या भाषेंतील वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांना माझी व मला त्यांची भाषा येत नव्हती. परंतु ते उठले तेव्हां आम्ही दोघांनींहि मान लववून एकमेकांचा निरोप घेतला.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. पण माझ्या मनाला त्या दोन तासांत स्वस्थता नव्हती, आणि तिचें कारण विल्यम फ्रेडरिक पूल.

हा पूल त्या काळच्या अमेरिकन ग्रंथपालांचा अग्रणी. बोस्टनच्या अथेनीअमचा ग्रंथपाल होता, पुढें शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मुख्य झाला. नियतकालिकांतील लेखांची त्याची सूची ग्रंथालयांतून अनेक वर्षें हाताळली जात असे. अशा रीतीनें कोनाडे आणि सज्जे काढून बांधलेल्या ग्रंथालयांवर त्यानें १८८१ च्या सुमारास तोफ डागली. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : ऊब वर चढते, तेव्हां हिंवाळ्यांत वरच्या सज्जांतील पुस्तकें भाजून निघतात व त्यांचीं चामडी पुठ्ठ्यांचीं बांधणी कुजून हातांत येते, वरचें पुस्तक आणावयास नोकरांना दिवसभर जिने चढावे लागतात, मधला सारा अवकाश शोभेखातर रिकामा जातो, एकदां आग लागली तर लांकडाचा तो पिंजरा क्षणांत जळून जाईल, आणि सर्वांत मुख्य म्हणजे संग्रह वाढला तर ठेवावा कोठें? अमेरिकन ग्रंथालय-संघानें असल्या बांधणींत मुळापासून बदल करण्याची वेळ आली आहे असा ठरावहि केला. ग्रंथपालांच्या लेखीं रिचर्डसन म्हणजे पुस्तकें ठेवण्याच्या निमित्तानें देखावे बांधणारा कलावंत.

आणि पूलचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. हें मी इतक्या खात्रीनें सांगतों याचें कारण तें सारें म्हणणें एकदां मीं स्वतःच मांडलें आहे. तेव्हां मीं पूलचें नांवहि ऐकलें नव्हतें.

आमच्या गांवचें वाचनालय एकोणिसाव्या शतकांतलें. महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवीं तशीं वाचनालयें त्या शतकांत निघालीं. वकील, मामलेदार कचेरींतले कारकून, शाळामास्तर यांनीं वर्गण्या काढून तीं चालविलीं. आमचें एका जुन्या दुमजली वाड्यांत होतें. खालीं वर्तमानपत्रें, माडीवर ग्रंथ. मध्यें एक अरुंद, वळणाचा, सागवानी जिना. जिन्याखालीं त्रिकोणी अंधारी जागा होती, तींत एक जुनें बांक टाकलेलें. लहान मुलांना तेथें बसावयास मज्जाव नव्हता, कारण तेथें मोठें माणूस मावतच नसे. सतरा वर्षांपूर्वीं मी त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होतों. पावसाळ्यांत कौलें गळत, वाळवीनें दोन कपाटें पोखरलीं होतीं, माडीवरचीं पुस्तकें उन्हाळ्यांत तापून त्यांचे कागद तुटत, बायकांना बसावयास स्वतंत्र जागा नव्हती. सरकारी अनुदान मिळण्याजोगें होतें. इमारत पाडून नवी बांधावी काय याचा अहवाल लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें; प्रोफेसर म्हटला कीं लिहिण्याचें काम त्याच्याकडे येतेंच.

अहवाल चांगला झाला. आजहि मीं तो काढून वाचला तर मला त्यांत खोडतां येण्याजोगें एक विधान सांपडणार नाहीं. ऊब, वाळवी, जिना, आग, वाढता संग्रह, सर्व कांहीं त्यांत क्रमानें होतें. सभेंत एकच गृहस्थ विरोधी बोलले. पोस्टांतून निवृत्त झालेले, फार जुने सभासद. ते म्हणाले, "सर, घरांत सून आली म्हणून कोणी घर पाडीत नाहीं. मागें एक खोली काढतात. आपल्या मागें सगळें आवार मोकळें पडलें आहे." मीं उत्तर दिलें, "अप्पा, हें वाचनालय आहे, एकत्र कुटुंब नव्हे." सभा हंसली. ठराव मंजूर झाला. अप्पा हंसले नाहींत; त्यांनीं चष्मा काढून पुसला व पुन्हां घातला, एवढें मला आठवतें.

क्विन्सीकरांनीं काय केलें तें आतां सांगतों. पूलच्या भाकिताप्रमाणें त्यांचें ग्रंथालय लौकरच अपुरें पडलें. १९०८ सालीं त्यांनीं विल्यम मार्टिन एकिन याच्याकडून त्याला एक पुरवणी बांधून घेतली. दगड, कौलें, कमानी सारें जुन्याला जुळतें. तीहि अपुरी पडली. १९३९ सालीं पॉल व कॅरोल कोलेट्टी यांनीं आणखी एक भाग जोडला व त्यावरील दगडी कोरीव काम जोसेफ कोलेट्टी या शिल्पकारानें केलें. तोहि पुरेना. २००१ सालीं एक मोठी नवी इमारत जोडण्यांत आली, तिनें ग्रंथालयाची जागा दुप्पट झाली. मध्यंतरीं, १९८७ सालीं, मूळ इमारत राष्ट्रीय महत्त्वाची ऐतिहासिक वास्तु म्हणून जाहीर झाली होती. ऑल्मस्टेडनें आंखून दिलेल्या हिरवळीकडे तोंड करून रिचर्डसनची ठेंगणी इमारत आजहि बसली आहे, आणि तिच्या आडोशानें शंभरांवर वर्षांचें कुटुंब वाढलें आहे.

मीं ही सारी वाढ हिंडून पाहिली. तींत सगळेंच कांहीं वाखाणण्याजोगें आहे असें नाहीं. १९०८ चा भाग अति आज्ञाधारक आहे. थोरल्या भावाचे कपडे घातलेल्या धाकट्यासारखा. १९३९ च्या भागावरील कोरीव काम मात्र हौसेनें पाहावें, त्यांत खोडकरपणा आहे. २००१ ची इमारत उजेडाची, सोयीची, आणि कसलीहि आठवण न ठेवणारी. परंतु संगणकांपुढें बसलेलीं माणसें, मुलांना गोष्टी सांगणाऱ्या बाई, परदेशांतून आलेल्यांसाठीं ठेवलेलीं त्यांच्या त्यांच्या भाषांतील पुस्तकें, हें सारें तेथें आहे, आणि तें तेथें आहे म्हणूनच जुन्या दालनावर कसला भार नाहीं. पूलनें मागितलेलें सर्व मागच्या बाजूला मिळालें. म्हणून रिचर्डसनला पुढच्या बाजूला चुकण्याची मुभा राहिली. दोघांपैकीं कोणीहि हरला नाहीं, याचें कारण दोघांच्या मध्यें एक जमिनीचा तुकडा होता.

येथें कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश आहे. मींहि प्रथम मनाशीं तेंच म्हटलें. पण हिशेब केला, तेव्हां असें दिसलें कीं, आमचा वाडा पाडण्यास, मातीचे ढीग वाहण्यास आणि मधल्या दोन वर्षांत पुस्तकें भाड्याच्या गोदामांत ठेवण्यास जो पैसा लागला, त्यांत मागच्या आवारांत दोन चांगल्या खोल्या झाल्या असत्या. गोदामांत भिजलेलीं पुस्तकें या हिशेबांत धरलेलीं नाहींत.

नव्या इमारतीवर मी अन्याय करूं इच्छीत नाहीं. ती वाळवीरहित आहे. बायकांचा कक्ष झाला. स्पर्धापरीक्षांना बसणारीं खेड्यांतील मुलें तेथें रात्रीं उशिरापर्यंत अभ्यास करतात, आणि त्यांतलीं कांहीं पुढें चांगल्या जागांवर लागलीं. त्यांच्यापैकीं एकालाहि जिन्याखालच्या बांकाची उणीव भासली नसेल. पण परीक्षेवांचून, कामावांचून, केवळ बसावें म्हणून तेथें कोणी येत नाहीं. मीहि जात नाहीं. पुस्तक बदलतों आणि निघतों.

संध्याकाळीं मुलगी कामावरून परस्पर तेथेंच आली. मी तिला तीं वरच्या खिडक्यांची ओळ दाखविली, पूलची गोष्ट सांगितली. आम्ही हिरवळीवरच्या एका बांकावर बसलों होतों. छपरावरच्या त्या पापण्यांखालीं आंतला दिवा लागला होता. ती म्हणाली, "आपल्या वाचनालयांत जिन्याखालीं मी बसायचें. आठवतें तुम्हांला?"

मला आठवत होतें. मी म्हणालों, "तो वाडा पाडावा असा अहवाल मींच लिहिला होता. तुला मीं कधीं सांगितलें नाहीं."

"मला ठाऊक आहे, बाबा. टाइप कोणी केला होता?"

तेव्हां मला आठवलें. घरांत संगणक नवा होता, मला तो चालवितां येत नसे. सातवींतली ती, दोन रात्री माझें हस्ताक्षर लावीत बसली होती. मीं विचारलें, "मग तेव्हां कां बोलली नाहींस?"

"तुम्ही विचारलें नाहीं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानें म्हणाली, "चवथ्या पानावर मागच्या मोकळ्या जागेचें एक वाक्य होतें. तें मीं टाइप केलें होतें. सभेच्या आदल्या रात्रीं तुम्ही तें काढून टाकायला सांगितलेंत. त्यानें मुद्दा दुबळा होतो म्हणालांत."

तिच्या पिशवींत ग्रंथालयाचीं दोन पुस्तकें होतीं, मुदत त्या दिवशीं संपत होती. तीं परत करण्यास ती उठली. मी तिच्या मागोमाग निघालों.